परदेशी सॅटेलाइट रेडिओवाला सीडी टेप घेण्याआधी लोकांची मतं कशी वाचायची

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आता टीव्ही कमी आणि मोबाईल जास्त येतात, पण रेडिओ-टेप अजून सुटले नाहीत. दिवाळीला परदेशातली पोरं गावी येऊन गेली की काउंटरवर एखादा तरी जाडजूड अमेरिकन सीडी टेप येतोच. त्यावर सॅटेलाइट रेडिओचा छाप, मागे लोंबणारी छोटी चपटी अँटेना, आणि आणणाऱ्याचा ठरलेला प्रश्न: "भाऊ, याच्यावर सॅटेलाइट लागते का?" दुसरी मंडळी मोबाईलवर फोटो घेऊन येतात. जुना माल विकणाऱ्या साइटवर असाच टेप स्वस्तात दिसलेला असतो आणि खाली पाच-पाच चांदण्यांची मतं असतात. एवढ्या लोकांनी चांगला म्हटलाय, घेऊन टाकू का, असं विचारतात.

या दुसऱ्या मंडळींसाठी हे लिहितो. पाच चांदण्या देणारा माणूस बहुधा खरंच बोलत असतो. फक्त तो बोलतो त्याच्या घरातून, त्याच्या देशातल्या विजेवर, त्याच्या डोक्यावरच्या उपग्रहाखाली बसून. त्याचं मत दारव्हा-दिग्रसच्या हिशोबात कसं आणायचं, एवढाच मुद्दा आहे.

आधी सॅटेलाइटचा निकाल लावून टाकू. अमेरिकेत एक्सएम ही सेवा २००१ साली सुरू झाली, सिरियस २००२ साली. २००८ मध्ये दोन्ही एक झाल्या आणि आता सिरियसएक्सएम या नावाने चालतात. वर्गणी भरायची आणि जाहिराती नसलेली गाणी, बातम्या, सामन्यांचं समालोचन ऐकायचं, असा तो कारभार. त्यांचे उपग्रह उत्तर अमेरिकेसाठी आहेत. तुम्ही इथे गच्चीवर चढा, टेकडीवर चढा, अँटेना आठही दिशांना फिरवा, तो सिग्नल विदर्भात पोचतच नाही. भावाने तिकडून वर्गणी भरतो म्हटलं तरी नाही.

आपल्याकडे होतं ते वर्ल्डस्पेस. त्याचा एशियास्टार उपग्रह २००० साली वर गेला आणि १०५ अंश पूर्वेला उभा राहिला. आपल्या भागातून अँटेना आग्नेयेला धरायची, साधारण पन्नास अंश वर. मधे कडुनिंबाची फांदी आली की गाणं तुटायचं. शास्त्रीय गाण्यांचं 'गंधर्व' आणि जुन्या हिंदी गाण्यांचं 'फरिश्ता' ही चॅनलं ज्यांनी ऐकली ते लोक अजून हळहळतात. ए. आर. रहमान त्यांच्या जाहिरातीत होते. २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली. तेव्हा 'वर्ल्डस्पेस रेडिओ, चालू स्थितीत' अशी जाहिरात दिसली तर चालू म्हणजे दिवा लागतो, एवढंच समजायचं. मात्र हिताची, सॅन्यो, जेव्हीसी, पॅनासोनिक यांनी काढलेल्या सुरुवातीच्या सेटांपैकी काहींत मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह आणि एफएमही होतं. तो भाग आजही कामाचा आहे. असा सेट घरात पडला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका.

मतं वाचायची रीत

मी पहिले तारीख पाहतो, मग देश, आणि चांदण्या सगळ्यात शेवटी. २००६ सालचं मत असेल तर त्या माणसाची सेवा तेव्हा जिवंत होती. तोच टेप आज तुमच्या हातात आला तर त्याच्या मतातला निम्मा भाग आपोआप गळून पडतो.

मग चांदण्या कशाला दिल्या ते शोधायचं. सॅटेलाइट रेडिओच्या मतांत ही गोम हमखास असते. लोक लिहितात की शेकडो चॅनल आहेत, गाण्यांच्या मधे जाहिराती नाहीत, गाडी चालवताना शहर बदललं तरी स्टेशन जात नाही. हे सगळं कौतुक सेवेचं आहे, टेपचं नाही. त्या पाच चांदण्यांतल्या चार चॅनलच्या असतात. टेपबद्दल काय लिहिलंय ते शोधायला गेलं तर एक ओळ सापडते: आवाज ठीक, सीडी कधीकधी अडकते. तुमच्यासाठी कामाची ओळ तीच.

वाचायला तीन चांदण्यांपासून सुरुवात करा. पाच चांदण्यावाला बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी, खोक्यातून वस्तू काढल्या-काढल्या लिहितो. एक चांदणीवाल्याचं भांडण पुष्कळदा कुरिअरशी असतं, खोकं दबलं होतं किंवा उशिरा आलं. तीन चांदण्या देणाऱ्याने ती वस्तू थोडे महिने वापरलेली असते, त्याला तिचं काय आवडतं आणि काय खुपतं हे दोन्ही ठाऊक असतं. 'सहा महिन्यांनी पुन्हा लिहितो आहे' असं कुठे दिसलं तर ते मत आधी वाचा.

आणखी एक भानगड म्हणजे एकाच पानावर दोन-तीन मॉडेलांची मतं एकत्र टाकलेली असतात. तुम्ही सीडीवाला घेताय आणि मतं आहेत नुसत्या रेडिओच्या डॉकची, म्हणजे रेडिओ बसवायच्या बैठकीची. मतात सीडीचा उल्लेखच नसेल तर ते बाजूला ठेवा. डॉकवरूनच सांगतो, 'सॅटेलाइट रेडी' लिहिलेल्या पुष्कळ टेपांत सॅटेलाइटचा रिसीव्हर नसतोच. वर एक खाच असते, तिच्यात वेगळा विकत घेतलेला छोटा रेडिओ बसवायचा, आणि तोही ठरावीक मॉडेलचाच बसतो. तिकडच्या लोकांनीही याबद्दल खूप कुरकुर केली आहे. इकडे ती खाच म्हणजे धूळ साचायला जागा.

आता महत्त्वाचं. तिकडे बारीक असलेली तक्रार इकडे मोठी होते, आणि तिकडची मोठी तक्रार इकडे काहीच नसते. एखाद्याने लिहिलं असतं, 'प्लग काढला की सेव्ह केलेली स्टेशनं पुसली जातात.' त्याच्याकडे वीज वर्षातून दोन वेळा जात असेल, म्हणून त्याने एकच चांदणी कापली. आपल्याकडे दिवसातून किती वेळा जाते ते मी सांगायला नको. असा टेप आपल्या घरात कधीच काही लक्षात ठेवणार नाही. दर वेळी घड्याळ बारा वाजून शून्य मिनिटांवर लुकलुकत बसेल. म्हणून मेमरीसाठी वेगळे छोटे सेल बसतात का, हे मतांत मुद्दाम शोधा. काही सेटांत मोठे सेल घातलेले असले की त्यावरच मेमरी टिकते, तेही चालतं.

'उन्हात स्क्रीन दिसत नाही' ही तशीच तक्रार. घरात वापरणाऱ्याला ती किरकोळ वाटते, शेताच्या धुऱ्यावर बसून ऐकणाऱ्याला आकडाच दिसत नाही. 'रिमोट नाही' म्हणून कोणी रागावला असेल तर ते सोडून द्या. 'बास कमी आहे' असं लिहिलं असेल तर उलट खूश व्हा, कारण कीर्तन, बातम्या, कृषिवार्ता यांतले शब्द अशा टेपवर स्वच्छ ऐकू येतात. 'आवाज भरपूर मोठा' हे मात्र जपून घ्यायचं. बंद खिडक्यांच्या स्वयंपाकघरात भरपूर वाटणारा आवाज हरिनाम सप्ताहाच्या मांडवात पहिल्या रांगेपर्यंतही जात नाही. एवढासा डबा मांडवासाठी घेऊच नये, पण घेणारे घेतात.

सेलांची तक्रारही नीट वाचा. अमेरिकेतला माणूस सेलवर महिन्यातून एखादा दिवस वाजवत असेल, नदीवर किंवा सहलीला. त्याला 'सेल बरे टिकले' वाटतं. तुम्ही रोज रात्री शेत राखायला, जागलीला नेणार असाल तर हा हिशोब तुटतो.

गावातलं मत काढायचं कसं

शेजारच्या गावात कोणाकडे तसाच टेप असेल तर इंटरनेटपेक्षा तिथे जाणं बरं. पण 'कसा आहे?' असं विचारू नका. स्वतःच्या वस्तूला कोणी वाईट म्हणत नाही, त्यातून ती पोराने किंवा जावयाने आणलेली असेल तर नाहीच नाही. माझ्या दुकानात एक म्हातारबुवा असाच टेप घेऊन आले होते, नुसता पुसून द्यायला.

"लय भारी आवाज हाये याचा," म्हणाले.

"काका, शेवटचा कधी लावला होता?"

"पोरगा आलता तवा."

"पोरगा कधी आला होता?"

"दोन वर्सं झाले असतीन आता."

तेव्हा विचारायचं ते असं: मागच्या वेळी कधी लावला, कोणती सीडी लावली, सेल कधी बदलले, घरात तो कुठे ठेवता. ठेवायची जागा ऐकली की अर्धं कळतं. कपाटावर, वर विणलेला रुमाल टाकलेला असेल तर तो कोणी वापरत नाही. चुलीजवळच्या फळीवर असेल तर रोजच्या वापरातला आहे, आणि अशा माणसाचं मत सोन्यासारखं धरा.

वापरणारे लोक बोलतात तेही वेगळंच. बचत गटातली एक ताई म्हणाली, "आवाजाचं जाऊ द्या भाऊ, बटनं एवढी बारीक हायेत का पिठाच्या हातानं लागतच नाई." कोणत्याही साइटवर मला हे मत सापडलं नव्हतं, आणि ते शंभर टक्के खरं आहे. जागलीला जाणाऱ्या एकाने सांगितलं की त्याला गाण्याशी घेणं नाही, माणसाचा आवाज चालू राहिला की डुकरं त्या बाजूने येत नाहीत, म्हणून रात्रभर बोलणारं स्टेशन पाहिजे. भजनी मंडळातल्या एकाची तक्रार होती की तुकडोजी महाराजांच्या भजनांची सीडी सुरुवातीला झकास चालते, शेवटची भजनं आली की अडकते. ही तक्रार लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

वस्तू हातात आल्यावर

सगळ्यात आधी टेप उलटा करा आणि मागची पाटी वाचा. तिथे १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर नशीब. बहुतेकांवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट. घोटाळा असा की अशा टेपांना मागे इंग्रजी आठच्या आकाराची वायर लागते, आणि तीच वायर आपल्या घरातल्या जुन्या टेपची, डीव्हीडीची असते. ती अगदी बरोबर बसते. अमेरिकन प्लग आपल्या सॉकेटात जात नाही म्हणून लोक घरातली वायर लावतात आणि बटण दाबतात. एक हलका गुणगुण आवाज येतो, मग लाखेसारखा जळका वास, आणि आतला ट्रान्सफॉर्मर गेला. दुकानात असा टेप आला की खोलायच्या आधी मी नाक लावतो. नुसता थर्मल फ्यूज उडाला असेल तर वाचतो, वाइंडिंग काळं पडलं असेल तर ट्रान्सफॉर्मर बदलावा लागतो. म्हणून २३०चे ११० करणारा स्टेपडाउन घ्या, आणि पाटीवर जितके वॅट लिहिलेत त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. 

दुसरं काम म्हणजे स्टेशनं लावून पाहणं. हे कोणत्याही अमेरिकन मतात तुम्हाला सापडणार नाही, कारण तिकडे हा प्रश्नच नाही. तिकडचे डिजिटल रेडिओ मीडियम वेव्हवर दहा-दहा किलोहर्ट्झच्या उड्या मारतात, आपल्याकडची स्टेशनं नऊ-नऊच्या अंतरावर आहेत. आकाशवाणी नागपूर आहे ५८५ किलोहर्ट्झवर. अमेरिकन टेप ५८० वर थांबतो नाहीतर ५९० वर, ५८५ त्याला ठाऊकच नाही. नागपूर ऐकू येतं, पण बोलणाऱ्याच्या तोंडात सुपारी असल्यासारखं. रात्रभर चालणारी राष्ट्रीय प्रसारण सेवा १९८८ मध्ये नागपूरहूनच सुरू झाली होती, ती १५६६ वर होती. जागलीची जुनी माणसं तिची आठवण काढतात. ती आता बंद आहे, असती तरी या टेपवर धड लागली नसती.

एफएमवरही तसंच. अमेरिकेत स्टेशनं विषम दशांशावर असतात, ८८.१, ८८.३ अशी, आणि पुष्कळ सेट तेवढ्यावरच थांबतात. यवतमाळ आकाशवाणी १०२.७ वर असल्यामुळे आपलं भागतं. नागपूरकडच्यांची विविध भारती १००.६ वर आहे, तिथे आवाजाला फाटकी किनार येते. काही सेटांना मागे किंवा सेलच्या खणात ९/१० असा छोटा स्विच असतो, काहींत दोन बटणं एकत्र दाबून धरावी लागतात. आधी तो शोधा. गोल चक्री फिरवून लावायचा काटेवाला रेडिओ असेल तर ही कटकटच नाही, म्हणून मी काटेवाल्याला नेहमी झुकतं माप देतो.

आता सीडी. तपासायला जाताना तीन सीड्या सोबत न्या: एक कंपनीची छापील, एक घरी कॉम्प्युटरवर कोरलेली, आणि एक एमपीथ्रीची. दुकानात मिळणाऱ्या भजन-कीर्तनाच्या सीड्या पुष्कळदा कोरलेल्या किंवा एमपीथ्रीच असतात. जुने अमेरिकन टेप साधी ऑडिओ सीडी, जास्तीत जास्त ऐंशी मिनिटांची, तेवढीच जाणतात. एमपीथ्री टाकली की 'नो डिस्क' दाखवतात, आणि माणसाला वाटतं टेप बिघडला.

छापील सीडी लावली की पहिलं गाणं ऐकून मान डोलवू नका. शेवटचं गाणं लावा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, शेवटची गाणी बाहेरच्या कडेला असतात. सुरुवातीला चकती मिनिटाला पाचशे फेरे मारते, कडेला येईपर्यंत दोनशेवर उतरते. चकती किंचित वाकलेली असेल, लेन्स थकलेली असेल किंवा ती सरकवणाऱ्या दांड्यावरचं ग्रीस सुकलं असेल तर ते कडेलाच उघडं पडतं. भजनी मंडळाची तक्रार इथली होती. दांड्यावरचं जुनं ग्रीस पुसून नवं लावलं, शेवटची भजनं चालू झाली. गाणं चालू असताना झाकणावर बोटाने हलकी टिचकीही मारा. एका टिचकीने अडखळला तर बैलगाडीत, मोटरसायकलवर त्याचं काय होईल ते समजा.

लेन्स स्वतः साफ करायची असेल तर तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण बसतात. कान साफ करायची काडी घ्या, मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, काडी ओली करून निथळू द्या आणि लेन्सवरून गोल फिरवा, दाब द्यायचा नाही. लेन्स तारेच्या बारीक स्प्रिंगवर तरंगत असते, दाबली की गेली. आपल्याकडे जिनिंग सुरू झाल्यावर हवेत रुईचे तंतू असतात. एक तंतू लेन्सवर आडवा बसला तरी टेप सीडी ओळखत नाही. कापसाच्या हंगामात 'बिघडला' म्हणून येणाऱ्या सीडी टेपांत मी आधी हेच पाहतो, आणि पुष्कळांना पाच मिनिटांत परत पाठवतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की सीड्या टिनाच्या खाली, ट्रॅक्टरच्या सीटवर टाकू नका, वाकतात.

सेल आणि बॅटरी

मोठ्या सीडी टेपला बहुधा टॉर्चचे मोठे आठ सेल लागतात, म्हणजे बारा व्होल्ट. रेडिओ त्यावर बरेच दिवस चालतो. सीडी चालवली की मोटर आणि लेसर दोन्ही खातात, सेल भराभर उतरतात. साधे स्वस्त सेल तर सीडीसाठी घेऊच नका. पावसाळ्यात टेप वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, गळलेल्या सेलाने खालची पत्र्याची पट्टी खाल्ली की तिचा जोड मिळत नाही.

बारा व्होल्ट म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर झटका मशीनची, म्हणजे कुंपणाच्या तारेत झटके सोडणाऱ्या यंत्राची बॅटरी येते. डुकरं आणि रोही (नीलगायी) यांच्यापायी ती आता प्रत्येक दुसऱ्या शेतात आहे. त्यावर टेप चालतो का? टेपला मागे बारा व्होल्टचं भोक असेल तर चालतो. भोकाजवळच्या चित्रात मधली पिन प्लस आहे की मायनस ते पाहा, वायरीत तीन अँपियरचा फ्यूज टाका. पण सोलरवर चार्ज होत असताना बॅटरी चौदाच्या वर जाते, म्हणून टेप रात्रीच लावा. आणि झटका मशीन चालू असताना तीच बॅटरी टेपला लावू नका. वेगळी जुनी बॅटरी मिळत असेल तर ती वापरा. कुंपणाच्या झटक्याची रात्र टेपने खाल्ली तर सकाळी हरभरा कोणी खाल्ला ते विचारायला नको.

बॅटरी वेगळी घेतली तरी मीडियम वेव्हवर दर सेकंद-सव्वा सेकंदाला 'टक' ऐकू येईल. तो तारेतला ठोका आहे, रेडिओ बिघडलेला नाही. एफएम लावलं की जवळजवळ जातो. याचा उलटा उपयोगही होतो. एखादा छोटा सेलवाला रेडिओ मीडियम वेव्हवर, स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि हातात धरून कुंपणाच्या कडेने चाला. जिथे टकटक एकदम जोरात येते तिथे तार गवताला किंवा ओल्या खांबाला टेकली आहे आणि ठिणगी पडते आहे.

मग सॅटेलाइट रेडिओ ऐकायचाच असेल तर

आज आपल्या भागात विनावर्गणी सॅटेलाइट रेडिओ आहे, तो लोकांच्या घरावर आहे आणि बहुतेकांना माहीत नाही. डीडी फ्री डिश. जीसॅट-१५ या उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्वेवरून, टीव्हीच्या चॅनलांसोबत आकाशवाणीची रेडिओ चॅनलंही येतात, त्यात विविध भारती आहे, मराठीही आहे. रिमोटवर टीव्ही-रेडिओ असं बटण असतं, ते दाबलं की रेडिओची यादी उघडते.

सेटटॉप बॉक्सच्या मागे पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं असतात. पिवळं चित्राचं, ते सोडा. पांढऱ्या-लाल दोन पिना एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनची बारीक पिन अशी वायर कोणत्याही मोबाईलच्या दुकानात मिळते. बारीक पिन सीडी टेपच्या 'ऑक्स' किंवा 'लाइन इन' भोकात घाला, टेपवर ऑक्स निवडा. बॉक्सचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त टेपवर करा, नाहीतर खरखर येते. चॅनल निवडेपर्यंत टीव्ही लागतो, मग तो बंद केला तरी रेडिओ चालू राहतो. बहुतेक बॉक्स बंद-चालू केल्यावर शेवटच्या चॅनलवरच येतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी टीव्ही लावायचीही गरज पडत नाही. काही छोटे बॉक्स बारा व्होल्टच्या अॅडॉप्टरवर असतात, ते वर सांगितलेल्या बॅटरीवरही चालतात. टेप विजेवर असताना बारीक गुणगुण आली तर टेप सेलवर घेऊन पाहा, बहुधा जाते.

म्हणून टेप घेताना मतांमध्ये एक शब्द आधी शोधा: ऑक्स. सॅटेलाइटचा छाप नसलेला, काटेवाला रेडिओ, साधी सीडी आणि मागे ऑक्सचं भोक असलेला टेप, त्याला तीन चांदण्यांची दहा मतं असली तरी मी तोच घ्यायला सांगेन. ऑक्स नसेल पण कॅसेटचा खण चालू असेल तर वायरवाली नकली कॅसेट मिळते, तीही भागवते, आवाज थोडा दबतो.

डिश आग्नेयेलाच, वर्ल्डस्पेसपेक्षा जराशी दक्षिणेकडे आणि वर. जोराचा पाऊस आला की सिग्नल तुटतो, थांबला की आपोआप येतो, तेव्हा पावसात रिमोटशी झटू नका. पाऊस नसतानाही रोज संध्याकाळी सिग्नल जात असेल तर गच्चीवर जाऊन डिशचा नट पाहा. आमच्याकडे वानरं तिच्यावर बसतात. नटाखाली स्प्रिंग वॉशर घालून दहा-अकराच्या पान्याने आवळा, आणि वायर मोकळी लोंबती ठेवू नका, ओढतात.